हिरवे राहिलेले पान

फार जुनी गोष्ट आहे. गावांना नावे द्यायची पद्धत अजून पडायची होती, तेव्हाची. अशाच एका बिननावाच्या गावात गव्हाचे एक रोप होते आणि त्याच्या शेंड्याला एक रुंद पान होते.

सगळ्यांत वर आपणच, याचा त्या पानाला भारी तोरा. पण एके सकाळी त्याच्याच कुशीतून ओंबी बाहेर पडली आणि वीतभर वर गेली. येणारेजाणारे तिच्यापाशी थांबत, तिला हात लावून बघत. पानाकडे बघतो कोण? त्याच्या पोटात दुखू लागले.

दाण्यांत दूध भरू लागले तेव्हा काडी पानाला म्हणाली, "बाबा रे, माती सुकली. मुळांना आता काही मिळत नाही. लोह नि जस्त आहे ते तुझ्यापाशी. थोडं थोडं रसात सोड, मी दाण्यांपर्यंत पोचवते. त्याशिवाय पुढच्या साली त्यांतून धड रोप उठायचं नाही."

"म्हणजे मी पिवळं पडायचं?"

"पडशील. सगळीच पानं पडतात."

"माझ्या कुशीत वाढली आणि आता माझ्याच डोक्यावर मिरे वाटते," पान फणफणले. "तिच्यासाठी मी का वाळू?"

पण उघड नाही म्हणावे, तर चारचौघांत नाव खराब व्हायचे. म्हणून पानाने गोड रस तेवढा भरपूर सोडला, लोह आणि जस्त मात्र दाबून ठेवले. दाणे टपोरे झाले, कोणाला काही कळले नाही. शेजारची पाने एकेक करून वाळली. हे आपले हिरवेगार, आणि वर त्यांना हसायचे.

त्या गावात कापणीआधी बायका बियाण्याच्या ओंब्या हाताने निवडत. निवडलेल्या ओंबीचे दाणे पुन्हा मातीत जात, बाकीच्यांचे जात्यात. एक सासू आणि तिची सून निवडत निवडत या रोपापाशी आल्या.

"आत्याबाई, ही बघा केवढी टपोरी," सून म्हणाली. "घेऊ?"

सासूने ओंबीला हातही लावला नाही. खालचे पान चिमटीत धरले.

"आधी पान बघावं, पोरी. दाणे पिकले तरी पान हिरवं, म्हणजे त्यानं काही दिलेलं नाही. असले दाणे दिसायला भरलेले, पण पेरले की रोपं फिकी उठतात. सत्त्व नसलेलं पीठ तरी कशाला दळायचं? कापून बैलाला टाक."

सुनेने बुंध्याशी विळा घातला.

तेव्हा पानाला ओंबीची दया आली की स्वतःची, कोण जाणे. ते कळवळून म्हणाले, "घे गं, सगळं घे." ओंबीने ऐकले. पण काडीतला रस थांबला होता, तिच्यापर्यंत काहीच पोचले नाही. बैलाने दोघांना एकाच घासात खाल्ले.

लहानथोरहो, मत्सरापोटी जे दाबून ठेवावे, ते दुसऱ्याला मिळत नाही आणि आपल्यालाही लाभत नाही.