ठकूचा धोंडा

कोळदऱ्याच्या माळावर चढून आलात की उजव्या हाताला, गवतातून डोके वर काढून बसलेला काळा धोंडा दिसतो. तोच ठकूचा धोंडा. दसरा उलटला की इथले गवत पुरुषभर उंच होते, आणि कापणीच्या वेळी आलेले पाहुणे हमखास हसतात. हसण्यासारखेच आहे म्हणा. धोंड्यावर बसलेली बाई एकेकाचे नाव घेऊन हाक मारते, गवतातून "ओ" येते. सगळी नावे संपली की ती शेवटी ओरडते, "वैनीऽऽ, ओ!" आणि माळावरचा प्रत्येक जण, अगदी पिळदार मिशांचा गडीसुद्धा, ओ देतो. मागे घोड्यांसाठी गवत घ्यायला एक व्यापारी आला होता. म्हणाला, "मुलूखभरचे गवत घेतले, पण गड्यांना वैनी म्हणणारे गाव हेच!" त्याला सावलीत बसवले, गूळपाणी दिले, आणि हे सांगितले. गाडी भरताना तो हसत नव्हता.

ठकूच्या काळी या रानात वाघ होता, असे सांगतात. पण दारची जनावरे वर्षभर जगवायची तर गवतात शिरणे भागच. म्हणून एकाने धोंड्यावर बसायची रीत पडली. वरून गवतातले माणूस दिसत नाही, नुसते शेंडे हलताना दिसतात. मग हाक मारायची. ओ आली, तिथे आपले माणूस. शेंडे हलले आणि ओ आली नाही, तिथे तो. त्याचे नाव मात्र ओरडून घ्यायचे नाही. माणूस भिऊन धावत सुटते, आणि धावणाऱ्याच्या मागे तो लागतो. आधी माणूस कुठे आहे ते ओळखायचे, मग शांतपणे सांगायचे, "डावीकडून वर ये." साधा हिशेब. कधी चुकला नव्हता म्हणे.

हौसा ही या गावची सून. शिदूची बायको. कामाला वाघीण, जिभेलाही. त्या साली त्यांची म्हैस दसऱ्याच्या तोंडावर व्याली. हौसाने खरवस करून आळीत वाटला, आणि दुसऱ्याच दिवशी शिदूची बहीण ठकू माहेरी आली.

"माझ्या आईच्या हातची म्हैस," ठकू ओसरीवर बसत म्हणाली, "अन् खरवस गावाच्या पोटात. मला काय, वाटी चाटायला ठेवलीय का?"

"येणाराने सांगून यावं, वन्सं. म्हशीला काय ठाऊक तुमचा मुहूर्त?"

"म्हशीला नसंल. घरच्या माणसाला असावा."

झाले. त्या घटकेपासून अबोला. शिदू बिचारा मधल्या मध्ये दोघींचे निरोप पोचवीत होता.

कापणीला तिघे माळावर आले. ठकू धोंड्यावर बसली. दुपार कलता शिदू पहिला भारा घेऊन खाली उतरला, आणि माळावर दोघीच उरल्या. आता हाक आली तर ओ द्यावी लागणार! ती नको, म्हणून हौसा आपला कापलेला पट्टा सोडून लांब गवतात शिरली. आश्विनातले ऊन, वारा पडलेला, कुसळे लुगड्याला टोचत होती.

"वैनी, ओ!"

हौसा गालातल्या गालात हसली. बोलायला लागल्या वन्सं! ओरडू दे जरा.

"वैनी! ओ द्या की!"

ती चालत राहिली.

"हौसे, ओ दे गं! तुला आईची आण, ओ दे!"

ठकूने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. आवाज फाटला होता. हौसाचे पाय थांबले, पण ओठ उघडले नाहीत. आणखी एकदा म्हणू दे, मग देईन, असे तिच्या मनात आले.

पण हाक पुन्हा आली नाही.

एकाएकी तिच्या ध्यानात आले की एक किडाही किरकिरत नाही. पाखरू नाही. दूर कुठेतरी गवत सळसळले आणि थांबले. "ओ," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. मग मोठ्याने, "ओ! वन्सं, ओ! मी हितं हाय!"

धोंड्यावरून उत्तर नाही.

धावायचे नाही, एवढे तिला आठवत होते. एकेक पाऊल टाकीत, विळा छातीशी धरून, दर पावलाला ओ देत ती चालली. आपल्याच पायाखालचे गवत मोडले तरी ती वळून मागे पाहत होती. धोंडा मिळाला तेव्हा नखे मोडेपर्यंत ओरबाडत ती वर चढली.

वर कोणी नव्हते. एक फडके होते, त्यात दोघींच्या भाकऱ्या. अबोल्यातही ठकूने शिदोरी एकच बांधली होती.

हौसाने खाली पाहिले, आणि तिला सगळे दिसले. गवतात दोन वाटा मोडलेल्या होत्या. एक तिची स्वतःची. दुसरी तिच्यामागून, तिच्याच दिशेने निघालेली. वरून ठकूला दोन्हीकडे शेंडे हलताना दिसले असणार, आणि ओ कुठूनच आली नसणार. धोंड्यावरून उतरलेली तिसरी वाट सरळ गेली होती, भावजयीला हात धरून आणायला. ती दुसऱ्या वाटेला जाऊन मिळाली होती. तिथून पुढे एकच वाट होती, रुंद, दरीकडे उतरणारी.

गाव मशाली घेऊन आले. ठकूचा विळा मिळाला, ठकू नाही.

त्या दिवाळीला हौसाच्या घरी दिवा लागला नाही. पुढल्या आश्विनात मात्र ती सगळ्यांआधी माळावर आली आणि म्हणाली, "नावं संपल्यावर मला वन्संसारखी हाक मारा. माझी ओ द्यायची राहिलीय." मरेपर्यंत दर साली तिने ती दिली. तिच्या माघारी सगळे देऊ लागले.

आजही ज्यांचा अबोला आहे त्यांना धोंड्याशी एकमेकांना ओ दिल्याशिवाय कोणी विळा लावू देत नाही. वाघ जाऊन जमाना झाला. तरी उन्हे कलताना शेवटची हाक होते, "वैनीऽऽ, ओ!" आणि ओ द्यायला कोणी क्षणभरही थांबत नाही. तुम्ही इथे उभे असाल, तर तुम्हीही द्या.