मागची वाट

फार जुन्या काळी, जनावरांचाही आठवडी बाजार भरायचा तेव्हा, ज्वारीच्या एका शेताच्या बांधात भुरी नावाची उंदरीण नवरा आणि चार पिल्लांसह राहायची. उंदरांच्या रीतीप्रमाणे बिळाला दोन तोंडं होती. पुढचं येण्याजाण्याचं, मागचं जीव वाचवायचं.

भुरी एकही बाजार चुकवत नसे. कावळ्याच्या दुकानातून कधी बाटलीची बुचं आणी, कधी फुटक्या बांगड्या. एकदा तर तिने रिकामी काडेपेटी आणली.

"हे कशाला गं?" नवरा विचारी.

"असू दे. लागेल कधीतरी," ती म्हणे.

घरात जागा उरली नाही, तेव्हा सामान मागच्या वाटेत जाऊ लागलं.

एके दुपारी पुढच्या तोंडातून धामण आत शिरली. सगळे मागे धावले, तर वाट गच्च भरलेली! ढकलत, खरचटत ते कसेबसे बाहेर पडले. भुरीची अर्धी शेपटी मात्र आतच राहिली.

धामण निघून गेल्यावर पुढच्या बाजारी सगळ्या घराने ते सामान ओढत कावळ्याला परत नेऊन दिलं.

कावळा म्हणाला, "वहिनी, पावसाळा तोंडावर आलाय. दाणे साठवायला निदान एक डबा तरी न्या."

"नको भावजी. देवाने आजवर उपाशी ठेवलं नाही, पुढेही ठेवणार नाही."

घरी आल्यावर धाकटीने रिकाम्या वाटेत डोकावून विचारलं, "आई, आता इथे काय ठेवायचं?"

"काही नाही बाळा," आखूड शेपटी सावरत भुरी म्हणाली. "मोकळीच राहू दे. लागेल कधीतरी."