घरटी एक सायकल, पायडल वेगळं

एक रान होतं. रानाला राजा होता, राजाला प्रधान होता आणि प्रधानाला बोलायची आवड होती. एवढ्यावर कुठलंही रान सुखानं चालतं. पण त्या रानात सपाट जागा म्हणाल तर राजाच्या अंगणाएवढीच; बाकी सगळा एक तर चढ, नाहीतर उतार. बहुतेक प्रजा खाली ओढ्याकाठी राहायची आणि सरकारी धान्यकोठार वर टेकडीच्या डोक्यावर होतं. दर सुगीला प्रजा आपल्या वाट्याचं धान्य हमालांच्या स्वाधीन करायची. दुष्काळ पडला की ते आपल्यालाच परत मिळणार, असं राजानं सांगितलं होतं. वर जाऊन बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण चढ फार होता.

या रानात गिरजाक्का नावाची एक भेकरीण सुईणपण करायची. माणसांत हाताला यश असतं म्हणतात, तिकडं गिरजाक्काच्या खुराला यश आहे असं म्हणत. हरणं, डुकरं, कोल्हे, सगळ्यांच्या घरी तिचं येणंजाणं. तिची एकुलती एक लेक केवडा टेकडीवरच्या घरात दिली होती. मागल्या वर्षी केवडाचं पहिलं बाळंतपण अडलं. सांगावा आला तशी गिरजाक्का धावत निघाली, पण चढ संपेपर्यंत सगळं संपलं होतं. अख्ख्या रानाची पिल्लं जिनं जगात आणली, तिला आपल्या नातवाचं तोंड त्याला मातीआड करताना दिसलं. त्या दिवसापासून ती वनदेवीकडं एकच मागणं मागायची, की बाई, पुढच्या खेपेला मला वेळेवर पोचव.

त्या साली निवडणूक आली. राजा वाघच होता आणि उमेदवारही वाघच. त्याच्याविरुद्ध उभा राहणारा ससा अर्ज भरायला आत गेला होता, तो अजून बाहेर यायचा होता. तरीही राजानं वचन दिलं: घरटी एक सायकल, निम्म्या भावात. गिरजाक्कानं त्या सभेत इतक्या टाळ्या वाजवल्या की दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना.

राजा निवडून आला आणि, आता विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, सायकली खरंच आल्या. नदीपलीकडच्या माकडांच्या कारखान्यातून आल्या आणि पायडलासकट आल्या, कारण पायडल बसवू नका असं माकडांना कुणी सांगितलं नव्हतं.

गिरजाक्काला सायकल शिकवली तिच्या शेजारणीनं, धुरपदा अस्वलिणीनं. दोघींचा घरोबा जुना. धुरपदानं मागून सीट धरायची आणि ओरडायचं, "खाली काय बघतेस गं, तिथं काय सोनं पडलंय? पुढं बघ." चार वेळा आपटल्यावर गिरजाक्काला तोल सापडला. मग एके सकाळी तव्यावर भाकरी टाकावी आणि ती उलटायच्या आत परत यावं, इतक्या झटक्यात ती लेकीला भेटून आली. केवडाला पुन्हा दिवस गेले होते. गिरजाक्का त्या रात्री किती दिवसांनी गाढ झोपली.

पण पायडल काही एकट्या गिरजाक्कालाच मिळालं नव्हतं. सगळं रान चढ चढायला लागलं. आणि वर गेलं की कोठार दिसायचं. दार सताड उघडं, आत भुसा, आणि भुशावर कोठीवाल्या रानडुकराचं खानदान दुपारची झोप काढत पडलेलं. सगळ्यांना दोन-दोन हनुवट्या. प्रजा खाली आली ती विचारतच आली, "आमचं धान्य कुठं गेलं?"

राजा घाबरला नाही. राजे घाबरत नाहीत, ते प्रधानाला बोलावतात.

प्रधान साळिंदर होता. अंगावरचाच एक काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि हुकूम लिहायचा, अशी त्याची पद्धत. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "महाराज, आधी हे लोक वर जात नव्हते. आता कशाच्या जोरावर जातात?" "पायांच्या," राजा म्हणाला. "पायडलाच्या," प्रधान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खुरवाल्यांच्या वस्तीत सभा झाली. "बंधूंनो आणि भगिनींनो," प्रधानजी म्हणाले, "मी सायकलीच्या विरोधात नाही. सायकल आपणच दिली. पण हे पायडल पाहा. सपाट, बोडकं, सगळ्यांना एकच. हे बनवताना तुमच्या पायाला कुणी विचारलं? वाडवडिलांनी युगानुयुगं जपलेला हा पाय नदीपलीकडच्या माकडाच्या फळकुटावर ठेवायचा? ज्याचा पाय, त्यानं आपलं पायडल निवडावं. सरकार तुमच्या पायात पाय घालणार नाही. म्हणून यापुढं सायकल पायडलाशिवाय विकली जाईल. हे तुमच्या पायांचं स्वातंत्र्य आहे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, की पायडलाची रुंदी मुळात नखवाल्यांच्या मापानं घेतलेली आहे, तुम्ही सुज्ञ आहात, जास्त काय बोलू.

दुपारी ते नखवाल्यांच्या वस्तीत गेले. भाषण तेच. फक्त शेवटी तिथं सांगितलं, की पायडलावरच्या खाचा मुळात खुरांसाठी पाडलेल्या आहेत. दोन्हीकडं जेवणाचा बेत चांगला होता.

कोठाराचं काय झालं, हे विचारायचं दोन्ही वस्त्यांच्या ध्यानातून गेलं.

आणि गिरजाक्काचं काय म्हणाल, तर खोटं कशाला सांगू, ती सगळ्यांच्या पुढं होती. घरी येऊन तिनं ओढ्याच्या पाण्यात आपला खूर निरखून पाहिला. आजवर तो नुसता पाय होता. आता त्याच्यावर अन्याय झालेला तिला स्पष्ट दिसायला लागला. दोन्ही वस्त्यांच्या मधल्या कुंपणापाशी धुरपदा भेटली तशी ती म्हणाली, "तुमचंच माप घातलंय म्हणे त्यात."

"आमचं?" धुरपदा म्हणाली. "त्या खाचा बघ आधी. कुणाच्या पायासाठी आहेत त्या?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठं म्हटलं? मनाला लागलं असेल तर तुझं तू बघ."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. गिरजाक्कानं स्वतःच्या खुरांनी पाना फिरवून दोन्ही पायडलं काढली आणि वाजतगाजत चावडीत जमा केली. "आपला पाय, आपलं पायडल" ही घोषणा तिच्याइतक्या खड्या आवाजात कुणालाच जमत नव्हती. भेकराचा आवाज तो.

आता प्रत्येकाच्या पायाला साजेसं पायडल ठरवायचं, म्हणून समिती नेमली गेली. अध्यक्षपद अजगराला मिळालं. त्याला पायच नसल्यानं तो निःपक्षपाती आहे, यावर एकमत झालं. समितीनं पाय मोजायला घेतले आणि पहिल्याच दिवशी गोम हजर झाली. ती म्हणाली, आमच्या पायांची मोजणी पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांची जाहीर करू नका, आमच्यावर अन्याय होईल. तिची मोजणी सुरू झाली. मधेच ती हलली की पुन्हा पहिल्यापासून. कसाबसा अहवालाचा मसुदा तयार झाला, तो अध्यक्षांनी सवयीनं गिळला. पचायला पावसाळा गेला.

तोवर नवीन सायकली पायडलाशिवाय विकल्या जात होत्या. किंमत तीच, वर पायडल काढायची मजुरी. चालवता कुणालाच येत नव्हत्या, चढावर सगळे ढकलत होते. तपासनीस उताराच्या पायथ्याशी बसवले होते. तिथून बघावं तर प्रत्येक सायकल सूं करून खाली येत होती. "राज्याच्या गतीत लक्षणीय वाढ," असं त्यांनी लिहून कळवलं आणि राजाचे डोळे भरून आले. चढावर तपासनीस नव्हता. तिथवर जायचं म्हणजे त्यालाही ढकलत जावं लागलं असतं.

मग हुकूम निघत गेले. घरोघरी सायकल असताना पायी चालणं ही राज्याची बेअब्रू, म्हणून टेकडीची पायवाट नांगरून टाकली आणि बिनसायकलीनं चढणाऱ्याला चौकीवरून परत पाठवायला लागले. पायडल जवळ बाळगणं हा पायद्रोह ठरला. त्याची शिक्षा माणसांत हद्दपारी. अस्वलाला माणसांत पाठवणं म्हणजे काय, हे रानात लहान पोरालाही ठाऊक होतं: नाकात वेसण, समोर डमरू, आणि मरेपर्यंत नाच. जमा झालेली पायडलं वितळवून चौकात एका भव्य पायाचा पुतळा उभारला. पाय खुराचा दाखवावा की नखाचा, यावर दंगल नको म्हणून पुतळ्याला बूट घातला.

गिरजाक्का हे सगळं बघत होती. पहिले काही दिवस तिनं मनाची समजूत घातली, की चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. मग केवडाचे दिवस भरत आले तशी तिची घोषणा बंद झाली. रोज चावडीत जाऊन ती विचारायची, "अहवाल आला का हो?" आणि कारकून मुंगूस म्हणायचा, "गोम हलली, आक्का."

एका टळटळीत दुपारी कावळा सांगावा घेऊन आला. केवडाला कळा सुरू झाल्या होत्या आणि पाडस आडवं होतं. पहिल्या वेळेसारखंच.

गिरजाक्कानं सायकल घेतली आणि ढकलत सुटली. चौकीवर रानकुत्रा शिपाई बसला होता. ती म्हणाली, "बाबा, ही इथं ठेवून घे आणि मला पळत जाऊ दे. लेक अडलीय माझी."

"पायी बंदी आहे, आक्का," तो म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला गिरजाक्कानंच जगात आणला होता. "सायकलीसकट जा, मी काही म्हणत नाही. पण ती वाटेत टाकली तर वरच्या चौकीवरून परत पाठवतात."

ती सायकल घेऊन चढाला लागली. लोखंड खाली ओढत होतं, खूर घसरत होते. पहिल्या वळणावर तिला कळून चुकलं, की या चालीनं पोचायला संध्याकाळ होणार आणि वर गेल्यावर पुन्हा माती लोटायचीच वेळ येणार. ती रस्त्यातच बसली. आपण काय करून बसलो, हे तिला एकदम दिसलं आणि तिला रडू फुटलं. धुरपदाचं म्हणणं खरं होतं की आपलं, याचा आता काय उपयोग होता? पायडल चालत होतं. एवढंच खरं होतं.

मागून धापा ऐकू आल्या. धुरपदा होती. तिनं ढकलत आणलेली आपली सायकल बाजूला टाकली. कावळा बोलला ते तिनं कुंपणापलीकडून ऐकलं होतं. तिच्या हातात मधाचं मडकं होतं. तिनं त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मधानं थबथबलेली पायडलांची जोडी बाहेर काढली.

"तू जमा नव्हती केलीस?" गिरजाक्का म्हणाली.

"मी काय तुझ्यासारखी शहाणी आहे? ऊठ. पाना आणलाय."

"धुरपदे, मी तुला नाही नाही ते..."

"ते मग बोल. आधी बस, मी सीट धरते."

चिकट पायडलावर खूर घट्ट बसला. धुरपदानं वळण संपेपर्यंत ढकललं आणि मग सोडून दिलं. गिरजाक्का चढ चढली. केवडा शेवटच्या कळा देत होती तेव्हा ती दारात पोचली. तिनं पाडस फिरवलं, वाट मोकळी केली, आणि उन्हं कलायच्या आत तिच्या मांडीवर एक ओली, थरथरती नात होती. गिरजाक्कानं तिला चाटून कोरडं केलं आणि मग भिंतीकडं तोंड करून पोटभर रडून घेतलं.

पण वरच्या वळणावरून सायकल चढताना साऱ्या टेकडीनं पाहिली होती. बातमी दरबारात पोचली: सुईण चढावर सायकल चालवत गेली. अर्थ दोनच निघत होते. एक तर रानात अजून पायडल आहे, म्हणजे प्रधानाचा हुकूम फसला. नाहीतर सायकल पायडलाशिवायही चढते. प्रधानजींनी थोडा विचार केला आणि दुसरा अर्थ निवडला.

गिरजाक्काचा जाहीर सत्कार ठरला. बुटाच्या पुतळ्याखाली मांडव पडला, राजा पालखीतून आला, सगळं रान लोटलं. शाल झाली, नारळ झाला, आणि प्रधानजींनी कर्णा तिच्यापुढं धरला. "आक्का, जनतेला तुमच्या तोंडून ऐकायचंय. पायडल होतं का?"

समोर गर्दीत मागं धुरपदा बसली होती. तिनं नाक दोन्ही हातांत लपवलं होतं. गिरजाक्काला त्या नाकात वेसण दिसली. घरोघरी बाळंतिणींना खरं सांगण्यात तिचा जन्म गेला होता, आडवं आहे तर आडवं आहे.

"नव्हतं," ती म्हणाली. "महाराजांचं नाव घेतलं आणि चढले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी तिला पायडल मारताना डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही टाळ्या वाजवत होते. धुरपदाही वाजवत होती, अगदी उभी राहून, आणि तिच्याकडं बघायची गिरजाक्काला लाज वाटली.

प्रधानजी शाल सारखी करायच्या निमित्तानं पुढं वाकले. त्यांचे काटे तिच्या कानाला टोचले. "आक्का," ते कुजबुजले, "तसली एक जोडी आमच्यासाठी बघा. सुनेचे दिवस भरलेत, आणि आमचं घर टेकडीवर."

गिरजाक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. डाव वाटत नव्हता. म्हातारा खरोखर घाबरलेला होता.

"खुरवाल्यांची बघू की नखवाल्यांची?" तिनं विचारलं.

"बघा कुठलीही," प्रधानजी गर्दीकडं हसून हात हलवत म्हणाले. "पायडल ते पायडल."