सगुणाचा तोंडपाठ धडा

डोंगरापलीकडच्या एका वस्तीत चौथीपर्यंतची शाळा होती आणि तिला एकच शिक्षक, दिगंबर गुरुजी. माणूस वाईट नव्हता, पण साहेब तपासणीला येणार म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे. मग ते प्रत्येक मुलाला एकेक धडा नेमून देत आणि तोंडपाठ करून घेत. वर बजावत, "म्हणताना बोट ओळीवरून फिरवायचं!"

तिसरीत सगुणा होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जात. लेकीला लिहिता-वाचता यावं म्हणून मायनं तिला आजोबांजवळ मागं ठेवलं होतं. मायसाठी पोरीचा जीव तुटायचा, पण शाळा ती चुकवत नसे.

साहेब आले. सगुणानं धडा घडाघडा म्हटला. पान संपलं तरी ती पान न उलटताच पुढचं 'वाचत' राहिली. गुरुजींच्या ते लक्षात आलं. पोरीला अक्षरओळखच नाही, हे कबूल करायची वेळ हीच होती. पण त्यांनी हळूच पुढे होऊन पान उलटलं. साहेबांनी तिची पाठ थोपटली, पोरांनी टाळ्या पिटल्या आणि आजोबा वस्तीभर सांगत सुटले, "आमची सगुणा वाचती!"

पंधरा दिवसांनी मायचं पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. शेजारीपाजारी जमले; त्यांच्यात वाचता येणारं कुणीच नव्हतं.

"वाच बाई, काय म्हनती तुझी माय?" आजोबा म्हणाले.

एवढ्या कौतुकानंतर 'येत नाही' कसं म्हणायचं? सगुणानं ओळीवरून बोट फिरवलं आणि मनचंच सांगितलं, "आम्ही खुशाल आहोत. अभ्यास कर. आजोबांना जप." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

चार दिवसांनी, शुक्रवारी, आजोबा कार्ड घेऊन शाळेत आले. "गुरुजी, पुन्यांदा ऐकू वाटतंय. एवढं वाचा."

गुरुजी वाचू लागले, "गुरुवारी दुपारी आमचा ट्रक फाट्यावर थांबेल. सगुणाला घेऊन या. एकदा तिला डोळे भरून पाहीन. तिथून लांबच्या कारखान्यावर जायचंय, पावसाळ्यापर्यंत येणं नाही."

गुरुवार कालच होऊन गेला होता.

"असं लिवलंय?" म्हातारा म्हणाला. "मग पोरीनं काय वाचलं?"

गुरुजींची मान खाली गेली. "मी शिकवलं तेच, बाबा."

सगुणा दप्तरात तोंड खुपसून रडत होती. फाट्यावर वाट पाहून गेलेल्या मायला आता कुणीच परत बोलावू शकत नव्हतं.

तात्पर्य: मुलाला जे येत नाही ते झाकून शिक्षक आपली अब्रू राखतो, पण त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.