राहीबाईचा निम्मा ताणा

भाविकहो, आंबेखेडच्या कोष्टीआळीत त्या काळी एका महापुरुषाचा मुक्काम होता. कुणाच्या घरात ते पाऊल टाकत नसत. पडवीतच बसायचे, पडवीतच निजायचे. म्हणून लोक त्यांना पडवीमहाराज म्हणत. सप्ताह मांडला की तेवढे दिवस महाराज मठाच्या पडवीत येऊन बसत.

त्याच आळीत राहीबाई राहायची. नवरा तापाने अंथरुणाला खिळलेला, सासू आंधळी, पदरी तान्हं पोर आणि गोठ्यात म्हैस. बाई पहाटे उठे, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे धावे आणि दुसरं टाकून तिसऱ्याकडे. पोर उचलावं तर दूध उतू जाई, दूध उतरवावं तर सासू हाक मारी. मठात ती रोज यायची, पण बसायची कधी नाही. उंबऱ्याला हात लावून निघायची.

मठाचे कारभारी होते गंगाधरतात्या. त्यांच्या हातातली माळ कधी थांबत नसे, आणि जीभही. भर सप्ताहात ते म्हणाले, "आल्या राहीबाई! यांना देवासाठी सवड नाही. यम आला तरी म्हणतील, थांब जरा, म्हशीची धार काढून येते."

सगळे हसले. राहीबाईही हसली, आणि घरी जाऊन चुलीपुढे रडली. तात्या बोलले त्यात खोटं काय, असं तिलाच वाटत होतं. रात्री जपाला बसली की पहिल्याच नामाला तिचा डोळा लागे.

काल्याच्या दिवशी तिने ताणा पांजणीला घेतला. पांजणी म्हणजे ताण्याचं, मागावरचं उभं सूत बाहेर लांब पसरायचं, खळ लावायची आणि दोन्ही अंगांनी दोघांनी कुंचा फिरवत जायचं. हात थांबला की खळ वाळते, धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळं सूत मातीमोल होतं. म्हणून पांजणीला सारी आळी मदतीला येते. पण त्या दिवशी सारी आळी मठात होती. थांबावं, तर खळ आंबत चाललेली. घरात सूत तेवढंच. ते गेलं की माग बंद आणि चूलही बंद.

निम्मा ताणा भिजला आणि आतून नवऱ्याची हाक आली. सासू न्हाणीत पडली होती. पोर किंचाळत होतं. राहीबाई हातात कुंचा धरून तशीच उभी राहिली. कुठे धावावं तेच तिला कळेना. आता आपल्याच्यानं होत नाही, यापेक्षा मेलेलं बरं, एवढंच मनात आलं. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही हो! ती ओरडली, "कुणीबी या, पर या!"

कुणीच आलं नाही. कुंचा टाकून ती आत पळाली.

सासूला उठवून, नवऱ्याला पाणी पाजून, पोराला छातीशी धरून ती बाहेर आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ताण्याकडे बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं. भिजवलेला निम्मा ताणा सुकला होता, आणि धागा न् धागा सुटा! आसपास चिटपाखरूही नव्हतं. ती मटकन खाली बसली. आनंद व्हायलासुद्धा अंगात त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात गंगाधरतात्या धापा टाकत आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, महाराज मघापासून डोळे मिटून हात पुढेमागे हलवत होते. मी म्हटलं, महाराज, कीर्तनाकडे लक्ष असू द्या. तर त्यांनी हात पुढे केले. कोपरापर्यंत खळ!"

"काय म्हनाले म्हाराज?"

"म्हणाले, 'गंगाधरा, तू देवाचं नाव घेऊन सावकाश हाका मारतोस. राहीबाई म्हणाली, कुणीबी या. मग मला बसवेना.'" तात्यांनी ताण्याकडे पाहिलं. "आणि म्हणाले, 'निम्मा मी केला. उरलेला तुझा.'"

तात्या तिच्या पायांशी वाकले. राहीबाईने घाईघाईने पाय मागे घेतले.

"पाया कसल्या पडता, तात्या! खळ नासतीया. त्या अंगाला जावा अन् कुंचा धरा."

तात्यांनी माळ खांबाला अडकवली, कुंचा उचलला आणि ते ताण्यावर वाकले. ताणा सरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.