पान न्या, नाव ठेवा

एक जंगल होतं. तिथे लोकशाही होती, म्हणून राजा दर पाच वर्षांनी निवडून यायचा. तोच. ठिपकेराव नावाचा बिबट्या.

या जंगलात एका कोळ्यानं झाडाझाडांतून जाळं विणून दिलं होतं. फुकट. कोळी कशावर जगतो, हे कुणी विचारलं नाही. जाळ्यावर प्रत्येकाचं खातं होतं. बाहेरच्या धाग्यावर पान लटकवलं की ते सगळ्यांनी वाचायचं. आतल्या गुंडाळीत ठेवलं की ते खाजगी.

साळूबाई साळींदर स्वतःच्याच काट्यानं पळसाच्या पानांवर कविता कोरायची आणि बाहेर लटकवायची. खाली एवढंच लिहायची, 'पान न्या, नाव ठेवा.' म्हणजे कवितेखालचं माझं नाव तेवढं पुसू नका.

पण जंगल मराठी होतं. सगळ्यांनी पानं नेली आणि नावं ठेवली.

"यमक लंगडतंय," माकड म्हणालं.

"शाळेत असताना मी याहून बरं लिहायचो," रानडुक्कर म्हणालं.

"अहो, पण माझं नाव?"

"तेच तर ठेवतोय, बाई!"

मग निवडणूक आली आणि फलकाफलकांवर साळूबाईची ओळ, तिच्याच अक्षरात, झळकली:

तळ्याला विचारा, आभाळ कुणाचं?
जो वाकून पितो, तेवढंच त्याचं.

खाली ठिपकेरावांचा हसरा फोटो, आणि 'चिंतन: मा. ठिपकेराव'.

साळूबाई माहिती खात्याच्या मंत्र्याकडे गेली. मंत्री कोल्हा होता.

"साहेब, ती ओळ माझी आहे. फुकट दिलीय, पण नाव तरी लावा."

"बाई, महाराजांना स्फुरली असेल. तुम्हाला आधी स्फुरली, हा तुमचा उतावळेपणा."

"बरं, निदान आमची खाती तरी खाजगी राहू द्या. परवा कुणीतरी माझी आतली गुंडाळी उसवलीय."

"खातं खाजगीच असावं, या मताचा मीही आहे. माझं खातं तर मेहुणाच चालवतो."

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. कलम एक: बाहेरची पानं जनतेची, जनता राजाची, सबब पानं राजाची. कलम दोन: ज्यांना नाव हवं आहे त्यांना सरकार नाव मिळवून देईल; त्यासाठी आतल्या गुंडाळ्या तपासल्या जातील.

आणि सकाळी साळूबाईचं बहिणीला लिहिलेलं खाजगी पत्र बाहेरच्या धाग्यावर लटकत होतं. खाली तिचं नाव, हत्तीला चष्म्याशिवाय दिसेल एवढं.

'अगं माळू, काल भाषण ऐन रंगात असताना एका सशाला शिंक आली, तर महाराज थेट झाडावर! उतरवायला दोन माकडं लागली.'

दुपारपर्यंत घरोघरी प्रत गेली. पहिल्यांदाच, लेखिकेच्या नावासकट.

"यमक नाही," माकड म्हणालं, "पण दम आहे. त्या दोघांतला एक मी."

साळूबाईला दरबारात ओढत आणलं. ठिपकेराव गुरगुरले, "फासावर द्या हिला!"

कोल्हा त्यांच्या कानाशी लागला. "महाराज, शिक्षा दिली तर शिंक खरी ठरते." मग मोठ्यानं म्हणाला, "हे पत्र बनावट आहे! नदीपलीकडच्या शत्रूचं कारस्थान! बाईंनी ते लिहिलेलंच नाही."

साळूबाईच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. कविता गेल्या होत्या. आता पत्रही चाललं होतं.

"मीच लिहिलंय! अक्षर बघा माझं!"

दरबारानं अक्षर बघितलं. म्हाताऱ्या कासवानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे तर महाराजांच्या कवितांचं अक्षर आहे," ते म्हणालं.

दरबारात कुजबुज सुरू झाली. महाराज स्वतःच झाडावर चढले, आणि वर स्वतःच चहाडी लिहिली?

कोल्ह्यानं घाम पुसला आणि निकाल वाचला. अक्षर महाराजांचं नाही, शत्रूचं नाही आणि बाईंचं तर नाहीच नाही. कारण बाईंना लिहिता-वाचताच येत नाही. त्यांची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.

साळूबाईला तसा दाखला मिळाला. निरक्षर असल्याचा, शिक्क्यासह. त्यावर तिचं नाव मात्र अगदी बिनचूक होतं.

पुढच्या आठवड्यात मंत्रिमंडळाचा विस्तार आहे. शिक्षण खात्यासाठी तेच नाव आघाडीवर असल्याचं कळतं.