तीन पावलं

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण बळीची कथा गावात माझ्याइतकी कोणाला येत नाही. दर पाडव्याला शेणाचा बळी मांडून मीच ती सांगतो. वामनानं बळीराजाकडे तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत पृथ्वी नि आकाश व्यापलं आणि तिसरं त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात घातलं.

त्या वर्षी कथा संपली आणि माझ्या शेजारी जिचं रान आहे ती सगुणा सगळ्यांदेखत उठली. नवरा वारल्यापासून ती एकटीच रान करते.

"तात्या, नांगरटीत तुम्ही माझ्या रानात बांध सरकवलाय."

"तीनच पावलं सरकलाय," मी म्हणालो. "तीन पावलांनी कोणी पाताळात जातं का?"

माणसं हसली. मला वाटलं, तिला हसली.

सगुणा शांतपणे म्हणाली, "बळी गेला की, तात्या. पण वामनानं आधी मागितली होती."

पुढे 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' असं मी म्हणायचं होतं. माझ्या तोंडून ते निघेना. शेवटी सगुणानंच म्हटलं.

त्याच दुपारी मी बांध मागे घेतला. पावलं तीनच होती, पण मान वर करून एकही टाकवलं नाही.